सात नंबरची रायफल

फाल्गुन लागला की आमच्या निगडीच्या सोसायटीचा माळी सकाळी पानं झाडून ढीग करतो आणि पेटवून देतो. पालापाचोळा जाळू नये, अशी सूचना फलकावर आहे. ती चिकटवणाराही तोच. धूर चढत चढत माझ्या गॅलरीत येतो आणि आतून मुलगी ओरडते, "बाबा, खिडकी लावा, खोकला येईल." मी लावत नाही. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला एखादा हट्ट माफ असतो, तो मी या धुरासाठी राखून ठेवला आहे. पानांच्या धुरात मी कागदाचा धूर शोधत बसतो. कागदाच्या धुराला सरसाचा, धुळीचा, जुन्या शाईचा वास असतो. तो मला सापडत नाही, आणि तरी दरवर्षी मी खुर्ची ओढून बसतोच.

लोकांचा फाल्गुन म्हणजे पळस, होळी, मुलांच्या परीक्षा. माझा फाल्गुन म्हणजे जाळणीचा हंगाम. पन्नासच्या दशकाच्या मध्याला मी देहूरोडला लष्कराच्या एका लहानशा कचेरीत कारकून होतो. ती कचेरी केव्हाच मोडली, तिची पाटीही कोणाला आठवत नसेल. वाईहून आलेला, नुकतं लग्न झालेला, इंग्रजी बरं असल्याची थोडी घमेंड असलेला मी. बायको सुमन. बाजारात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली होती. दुपारी पत्रा तापला की सुमन ओलं गोणपाट दाराला लावायची आणि त्याच्या सावलीत गहू निवडत बसायची. तिला सातवा महिना होता. माळावर वावटळी उठायच्या आणि आमच्या दारावरून वाळकी पानं, काड्या, कधी कचेरीतल्या कागदाचा एखादा करपलेला तुकडा घेऊन जायच्या.

तो तुकडा उडता कामा नये, असा नियम होता. दरवर्षी मार्च संपायच्या आत जुने कागद निकालात काढायचे. त्यासाठी तीन अधिकाऱ्यांचं मंडळ बसायचं. बसायचं म्हणजे कागदावर बसायचं. आमचे हेडक्लार्क दामले यादी करायचे, यादीखाली 'वरील सर्व कागद आमच्या समक्ष जाळले' असा दाखला टाइप करायचे आणि तिघांच्या सह्या घेऊन यायचे. सह्या आधी, जाळणं नंतर. कारण साहेबलोक भर उन्हात भट्टीपाशी उभे राहायचे नाहीत, आणि सह्या नसतील तर दामले काडी ओढू द्यायचे नाहीत. यातून निघालेला हा बिनतोड मार्ग बरीच वर्षं सुखेनैव चालू होता. जाळून झालं की राख काठीनं मोडायची. जळालेल्या कागदावरची अक्षरं काळ्यावर करड्या रंगात उठून दिसतात, चांगली वाचता येतात. म्हणून राख मोडायची, आणि ते काम माझ्याकडे होतं. नवा होतो, दुसरं काय.

एका गोष्टीला मात्र जाळणीतून सूट होती. ती कोणत्याच नियमात लिहिलेली नव्हती. आराखडे ज्यावर काढायचे तो ट्रेसिंगचा कपडा दिसायला मेणकागदासारखा, निळसर, ताठ. पण तो असायचा अस्सल तलम सुती कपडा, वर खळ चढवलेला. गरम पाण्यात सोडा टाकून भिजवला, चोळला, की खळ निघून जायची, बरोबर रेघाही जायच्या, आणि हातात मलमलीसारखं मऊ कापड उरायचं. देहूरोडच्या कितीतरी बाळांनी पहिलं झबलं याच कापडाचं घातलं. दामल्यांचे रुमाल त्याचेच होते. नियमाला इतका पक्का माणूस, पण खिशात तोफेच्या चाकाचा आराखडा घेऊन नाक पुसायचा.

आता धोंडीबा मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. कचेरीच्या मागं ग्रीसची कोठी होती. तिथं हा माणूस डबे मोजत, झाकणं पुसत बसलेला असायचा. मावळातला, जवळच्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. पन्नाशीचा असेल. बोटं जाड, पण हालचाल अशी नाजूक की डब्याचं झाकणसुद्धा तो घड्याळाची काच उघडावी तसा उघडायचा. मी त्याला एकदा विचारलं, "मिस्त्री, तुम्ही बंदुकांचे कारागीर म्हणतात, मग इथं ग्रीसमध्ये काय करता?" तो हसला. "बंदुकीला हात लावायचा न्हाई, असा हुकूम हाय मला, बाबू. बारा वर्सं झाली."

दुपारी आम्ही कोठीच्या सावलीत जेवायचो. तो स्वतः थापलेली, एका बाजूनं करपलेली भाकरी आणायचा आणि कधी शेतातून उपटून आणलेला हरभरा तिथंच पाल्यावर भाजायचा. साल सोलता सोलता त्याची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. युद्ध चालू असताना या कचेरीत एका नव्या रायफलीचं काम चाललं होतं. नेहमीची थ्री-नॉट-थ्री आखूड करून दहा नमुने बनवले होते, आणि त्यांचे बोल्ट, म्हणजे गोळीमागं नळी बंद करणारे दांडे, बसवायला होता धोंडीबा. ते चालवून बघायला पलटणीतले जवान यायचे. त्यांतच त्याचा मेहुणा होता, किसन. धोंडीबानंच शब्द टाकून त्याला भरती केलेला. एके दिवशी चांदमारीवर एक रायफल मागच्या बाजूनं फुटली आणि किसनचा उजवा डोळा गेला. चौकशी झाली. बोल्ट बसवणाऱ्याचा हलगर्जीपणा, असा निकाल लागला. नोकरी गेली नाही, पण हत्यारं काढून घेतली.

"म्या सांगितलं व्हतं साहेबाला," धोंडीबा म्हणायचा. "बोल्ट ढिला हाय, ही चालवू नगा. साहेबानं आराखड्याच्या कपड्यावर पेन्शिलीनं लिवून घेतलं, माजा अंगटा घेतला. पर साहेबाला घाई. वर धा बंदुकांचं पत्रक धाडायचं व्हतं. चौकशीत त्यो कपडा कुनाला घावलाच न्हाई. साहेब विलायतंला गेला."

"मग?"

"मग काय. बायकू म्हनली, भावाचा डोळा तुमी घालवला. म्हायेरी गेली ती चाकनला भावापाशीच हाय. साळू तिचं नाव." एवढं बोलून तो हरभऱ्याची सालं गोळा करायला लागायचा. बारा वर्षांत त्याच्या घरी चूल त्यानंच पेटवली होती. त्याला पैसा नको होता, बढती नको होती. तो कपडा एकदा किसनसमोर आणि साळूसमोर अंथरायचा, एवढीच त्याची मागणी होती. "येकदा बघू द्या त्यास्नी. मग न्हाई आली तरी चालंल," असं तो म्हणायचा. न आलेली चालणार नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

त्या फाल्गुनात एका कुलूपबंद ट्रंकेची पाळी आली. यादीत तिच्यापुढं 'संकीर्ण आराखडे व अहवाल' एवढंच होतं. किल्ली कोणाकडेच नव्हती, त्यामुळं यादी करतानाही ती कोणी उघडलेली नव्हती. जाळायला म्हणून मी बिजागरी तोडली. आत रायफलीची सगळी जन्मकथा होती.

मी ती वाचायला नको होती. जाळायच्या कागदाला वाचू नये, हात चालत नाही. पण वाचत गेलो. जंगलात लांब नळी झुडपात अडकते, म्हणून नळी कापा. कापली. हलकी झाली, पण दणका वाढला, जवानांचे खांदे काळेनिळे होतात. दस्त्याला रबर लावा. लावलं. आखूड नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो, शत्रूला ठावठिकाणा कळतो. तोंडाला कर्णा बसवा. बसवला. आणि शेवटी, पुन्हा पुन्हा, प्रत्येक अहवालात एकच तक्रार होती की नेम टिकत नाही. आज जिथं गोळी लागली तिथं उद्या लागत नाही, कारण समजत नाही. किती माणसं त्या एका हत्यारामागं लागली होती! टाचणं, उलट टपाल, शेरे, शेऱ्यांवर शेरे. इतकी शहाणी माणसं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हात टेकलेले. मला त्या अहवालांची गंमत वाटली आणि थोडी भीतीही. माणसाला मारायच्या वस्तूची इतकी काळजी घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती.

तळाशी आराखड्यांची गुंडाळी होती. त्यातला तिसरा कपडा बोल्टचा. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, साहेबी वळणाच्या इंग्रजीत तीन ओळी. 'आर्मरर धोंडीबा रिपोर्ट्स, रायफल नंबर सेव्हन, बोल्ट लूज. नॉट टू बी फायर्ड.' खाली सही, तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची, आणि जांभळ्या शाईचा एक जाडजूड अंगठा. सात नंबरच्या रायफलीचा बोल्ट ढिला आहे, ती चालवू नये, असं हत्यारांचा कारागीर धोंडीबा सांगतो. भट्टी समोर धडधडत होती.

मी तो कपडा घेऊन दामल्यांकडे पळत गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हा यादीत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. ती कुलपाची ट्रंक."

"दाखल्यावर सह्या झाल्या?"

"परवाच झाल्या."

"म्हणजे हा कागद परवा जळाला." दामले शांतपणे म्हणाले. "जळालेला कागद तुम्ही माझ्या टेबलावर ठेवताय."

"अहो, पण हा बघा ना, आहे समोर!"

"मला दिसतोय. पण मी पाहिला असं म्हणालो, तर तीन अधिकाऱ्यांनी खोटा दाखला दिला असं होतं. टाइप मी केलाय. उद्या विचारतील, हा राहिला तर आणखी काय काय राहिलं? आणि गुप्त ट्रंक बाहेर भट्टीपाशी कोणी उघडली? तुम्ही. घरी दोन जिवांची बायको आहे तुमच्या." ते दुष्ट नव्हते. धोंडीबाला माझ्याहून जास्त वर्षं ओळखत होते. बोलताना त्यांचा आवाज चिरकला, तो त्यांनी खोकल्यात घातला. मी कपडा उचलला. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "ट्रेसिंगचा कपडा जळताना फार धूर होतो. सगळाच जाळायला हवा असं नाही. तुमच्याकडे पाळणा हलायचाय ना?"

मला समजलं. कागद म्हणून तो बाहेर जाऊ शकत नव्हता, झबलं म्हणून जाऊ शकत होता. मी तो घडी करून सदऱ्याच्या आत पोटाशी धरला आणि सायकल मारत घरी आलो. सुमन नळावर गेली होती. मी कपडा पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नातल्या कोटाखाली ठेवला आणि तिला काही सांगितलं नाही. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, कचेरीतली गोष्ट घरातही बोलायची नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला अशा सहीचं फार वाटतं. इतका मोठा नियम मोडून आलो आणि हा लहान पाळला. आयुष्यभर त्रास झाला तो मोडलेल्या नियमाचा नाही, या पाळलेल्याचा.

दुसऱ्या दिवशी कोठीत जाऊन धोंडीबाला सांगितलं. त्यानं हातातलं झाकण डब्यावर ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाला, "माजा अंगटा हाय त्याच्यावर?"

"आहे. स्पष्ट आहे."

"जांभळा?"

"जांभळा."

"मंग त्योच." आणि त्यानं ग्रीसच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं. रविवारी सकाळी माझ्या सायकलवर डबलसीट चाकणला जायचं ठरलं. चाकणच्या बाजारात किसन कांदे निवडायच्या कामाला होता. शनिवारी धोंडीबा न्हाव्याकडे बसलेला दिसला. नवी टोपी घेतली होती, ती मांडीवर ठेवून. मला बघून लग्नाला निघालेल्या माणसासारखा लाजला.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो. उन्हं कलली होती. दारासमोरच्या दोरीवर एक पांढराशुभ्र, पातळ कपडा वाऱ्यावर हलत होता. मी सायकल टेकवली नाही, ती तशीच पडली. सुमन हसत बाहेर आली. "अहो, केवढं लपवून ठेवलं होतंत! दामलेवहिनी नळावर म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी झबल्याचं कापड आणलंय, तुम्हाला दाखवलं की नाही? म्हटलं, बघू तरी. कोटाखाली सापडलं. तीन पाण्यांत काढलं बाई, कसली चिवट खळ! आता बघा कसं लोण्यासारखं झालंय."

मी कपडा दोरीवरून ओढला. उजवा कोपरा शोधला. चारही कोपरे सारखे झाले होते. एका कोपऱ्यात बोटभर जागी फिकट जांभळी छटा होती, माहीत नसेल तर वाटावं की जांभळाचा रस सांडून धुतलाय. अंगठा राहिला होता. त्याचं म्हणणं गेलं होतं. माझा चेहरा बघून सुमनचं हसू गेलं. मी तिला सगळं सांगितलं, जे दोन दिवस आधी सांगायला हवं होतं. बैल गेला आणि झोपा केला. ती पायरीवर बसली, ओला कपडा मांडीवर घेऊन, आणि सोड्यानं सोललेल्या तिच्या बोटांकडे बघत राहिली. "मला एकदा तरी बोलायचंत हो," एवढंच म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो असतो तर बरं झालं असतं. पण कोणावर ओरडू? दामल्यांनी मला वाचवलं होतं, वहिनींनी कौतुकानं सांगितलं होतं, सुमननं बाळासाठी धुतलं होतं. सगळ्यांनी चांगुलपणाच केला होता.

रविवारी सकाळी धोंडीबा नव्या टोपीत दारात उभा. मी बोलायला तोंड उघडलं आणि सुमनच पुढं झाली. "मिस्त्रीमामा, माझ्या हातून झालंय," म्हणाली आणि कपडा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला, कोपरा चाचपला. जाड बोट त्या डागावर थांबलं. मी म्हणालो, "मिस्त्री, चला आपण जाऊ. मी वाचलंय. मी किसनला शपथेवर सांगतो."

"तोंडानं?" तो म्हणाला. "तोंडानं तर मीबी बारा वर्सं सांगतोय, बाबू." त्यानं कपड्याची घडी केली, कारागिराची, काठाला काठ जुळवून, आणि सुमनच्या हातात दिली. "शिवा, सूनबाई. लई तलम हाय. लेकराला टोचायचं न्हाई." आणि टोपी काढून हातात घेऊन तो गेला.

मी मात्र गेलो चाकणला, चैत्र लागल्यावर, एकटाच, त्याला न सांगता. बाजारात कांद्याचे ढीग लागले होते, वारा सुटला की सालं गुलालासारखी उडत होती. किसन एका ढिगापाशी उकिडवा बसून सडके कांदे बाजूला काढत होता. मान उजवीकडे जरा जास्तच वळवून बघायचा. मी सगळं सांगितलं. त्यानं हात न थांबवता ऐकलं.

"बाबू, तुमी भलं मानूस दिसताय," तो म्हणाला. "पर तुमी त्यांच्याच हापिसातलं. कागद आनला का?"

"कागद धुतला गेला."

"माजा येक डोळा हाय अजून. कागद आनला असता तर दिसला असता. मास्तराकडनं वाचून घेतला असता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. ढिगाच्या पलीकडे एक बाई पाटी भरत होती, ती केव्हापासून ऐकत होती मला कळलं नव्हतं. मी निघालो तशी ती दोन पावलं आली. पदर पुढं ओढून, दुसरीकडे बघत तिनं विचारलं, "त्यास्नी भाकरी कोन करून घालतं?"

"स्वतःच करतात," मी म्हणालो. "चला ना, मी नेतो तुम्हाला."

तिनं भावाकडे पाहिलं. त्याची उजवी बाजू तिच्याकडे होती, त्याला ती दिसत नव्हती. तरी तिनं नकारार्थी मान हलवली आणि पाटी डोक्यावर घेतली. हे मी धोंडीबाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

मुलगी झाली. बारशाला धोंडीबा आला. सुमननं त्या कापडाची दोन झबली शिवली होती. जांभळा कोपरा कापून टाकायचा तिला धीर झाला नाही, तो तिनं घेरात घेतला होता. धोंडीबानं बाळाला मांडीवर घेतलं आणि झबल्याच्या काठावर त्याला तो डाग सापडला. त्यानं आपला अंगठा हळूच त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"काय लिवलं व्हतं म्हनला, बाबू?" त्यानं विचारलं.

मी मराठीत सांगितलं. "तसं न्हाई. साहेबाच्या बोलीत सांगा." मी इंग्रजीत म्हणालो. त्यानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, डोळे मिटून. बायका पाळण्याची गाणी म्हणत होत्या, त्यांना वाटलं आम्ही काही मंत्र म्हणतोय.

तेव्हापासून दर फाल्गुनात तो यायचा. सुमन त्याला जेवायला वाढायची, शेवटची भाकरी गरम तव्यावरची. जेवून झालं की भिंतीला टेकून म्हणायचा, "सांगा बरं येकदा." मी म्हणायचो. आर्मरर धोंडीबा रिपोर्ट्स. तो मान डोलवायचा. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, मी लिहून देतो, जवळ ठेवा." तर म्हणाला, "लिवू नगा. लिवल्यालं जळतं, न्हाईतर धुतलं जातं." मला त्याचं पटलं, म्हणून हा लेख लिहायला घेईपर्यंत मी ते कधी लिहिलं नाही. माळावर कारखाने आले, भोंगे वाजायला लागले, आमच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या, मुलगी शाळेत जायला लागली. साळू आली नाही. तो विचारायचा तेवढंच, आणि मी सांगायचो तेवढंच.

शेवटच्या फाल्गुनात तो आला नाही, मी गेलो. तो बाजेवर होता, छाती भात्यासारखी चालत होती. म्हणाला, "सांगा." मी म्हणायला लागलो, आणि रायफलीचा नंबर चुकलो. त्यानं डोळे उघडले आणि नंबर दुरुस्त केला, इंग्रजीत. ज्याला अ कळत नव्हता त्या माणसानं मग पुढचं सगळं वाक्य एकट्यानं म्हटलं, थांबत थांबत, शेवटच्या 'नाट टु बी फायर'पर्यंत. मग माझं मनगट धरून म्हणाला, "इसरू नगा, बाबू. आता तुमीच कागद हाय."

सुमन गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. झबलं मुलीच्या कपाटात आहे. डाग आहे की नाही हे मला या डोळ्यांना नक्की दिसत नाही, मुलगी म्हणते, "आहे." आज सकाळी गॅलरीत धूर आला, तसा मी सवयीनं म्हणायला लागलो. आर्मरर धोंडीबा रिपोर्ट्स, रायफल नंबर... आणि अडलो. त्या दिवशी बाजेपाशी मी नऊ म्हणालो होतो आणि त्यानं सात केलं होतं, की मी सात म्हणालो होतो आणि त्यानं नऊ केलं होतं? वर मी सात लिहिलं आहे. या लेखाच्या माथ्यावरही सातच लिहिलं आहे. लिहिताना खात्री होती. आता सकाळपासून दोन्ही आकडे म्हणून बघतोय, दोन्ही त्याच्या आवाजात ऐकू येतात.